पुराना कर्नल, नया कर्नल

सदरमधल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. ते लिनक्सवर चालतात आणि लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. अधूनमधून नव्या कर्नलचं तयार पॅकेज उतरवायचं, इन्स्टॉल करायचं, मशीन रिस्टार्ट करायची. बस! पण किस्से साचत जातात. डिस्कवर साचलेले जुने कर्नल तरी पुसता येतात, हे पुसल्या जात नाहीत!

*

पहिल्यांदा परवानगी मागितली, तेव्हा आमच्या डॉक्टर देवधर मॅडम म्हणाल्या, "चांगलं चालून राहिलं ना? मग काहून हात लावतो?"

मी म्हटलं, "मॅडम, तब्येत चांगली असली तरी चेकअप करा, असं तुम्हीच सांगता!"

परवानगी मिळाली.

*

काउंटरवरच्या तिवारीजींनी एकदा स्क्रीनवर 'कर्नल पॅनिक' वाचलं आणि पाण्याचा ग्लास घेऊन धावत आले. "भैया, मशीन खुद लिख रही है कि घबरा गई!"

"मग पाणी मशीनला?"

"नहीं, आपको!"

*

पाटनच्या कलेक्शन सेंटरवर मी इथूनच नवा कर्नल टाकला. रिस्टार्ट झाल्यावर तिथल्या दीदींचा फोन, "नेट गया!" नव्या कर्नलला नेटवर्क कार्ड ओळखू येत नसेल, या धास्तीत बसनं पाटन गाठलं. तर नेटची वायर टेबलाखाली लोंबत होती!

"ही कोणी काढली?"

"आपने ही तो बोला था, रिस्टार्ट के टाइम कोई कुछ छुए नहीं. मैंने सब निकालके रख दिया!"

*

एकदा रिस्टार्टनंतर स्क्रीन काळी ती काळीच. तिलवारा घाटावर जाऊन नर्मदामैयाला नारळ वाहीन, असं मनात बोललो. तेवढ्यात मॅडमनी येऊन मॉनिटरचं बटण दाबलं. सगळं सुरूच होतं!

नारळ वाहिला. मैयाला कारण नाही सांगितलं.

*

आणि हा मागच्या हिवाळ्यातला. सकाळी नवा कर्नल टाकला अन् मशीन उठेचना. बाहेर हॉल भरलेला, एका बाईचं ऑपरेशन रिपोर्टसाठी थांबलेलं. त्यातच फौजेतून रिटायर झालेल्या एका साहेबांना रक्त देताना चक्कर आली. मॅडमनी त्यांना आत झोपवलं. त्यांची बायको बाहेर डोळे मिटून जप करत होती.

शेवटी सुरुवातीच्या मेन्यूतून जुना कर्नल निवडला. मशीन सुरू! रिपोर्ट दिसायला लागले! मी आनंदानं ओरडलो, "तिवारीजी, पुराना कर्नल उठ गया!"

बाहेर साहेबांच्या बायकोनं हात जोडले. "भगवान, तेरा लाख शुक्र है!" अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

आतलं दार उघडलं. साहेब मिशा सारख्या करत उभे.

"उठ तो गया हूँ. लेकिन ये 'पुराना' किसने बोला?"