शेपटीमागचा माणूस

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच. सासऱ्यांचं विमान पडलं त्या रविवारी, उड्डाणाआधी ‘ओके’ म्हणताना, ते पडणार हे मला दिसत होतं.

विमान म्हणजे रिमोटवर उडणारं, बाल्सा लाकडाचं, दोन्ही हात पसरले की मावेल एवढं मॉडेल. छंद मूळचा माझा. पनवेलच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी शनिवारी फळ्या कापत, घासत बसायचो आणि रविवारी सकाळी नेऱ्याच्या पुढे डोंगराखाली, कोणीतरी प्लॉटिंगसाठी सपाट करून ठेवलेल्या मोकळ्या जागेवर आम्ही चौघे उडवायचो. एक दातांचे डॉक्टर, न्हावा शेव्याला ज्यांचे ट्रेलर धावतात असे एक शेठ, तळोज्याच्या कारखान्यातला एक इंजिनियर, आणि मी.

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले. दिवसभर टीव्हीसमोर बसायचे, म्हणून मीच त्यांना एकदा मैदानावर घेऊन गेलो. हा माझा चांगुलपणा होता आणि तो मी ऑफिसात सांगायचोही. दीड वर्षात बाबा माझ्यापेक्षा चांगले उडवायला लागले. माझं विमान उतरताना दोन-तीन उड्या मारायचं. त्यांचं असं टेकायचं की जेवायला बसलेल्या माणसापुढे कोणी हळूच ताट ठेवावं. मैदानावर माझी ओळख बदलली. मी ‘काकांचा जावई’ झालो.

एकदा माझं चाक मोडलं तेव्हा शेठ म्हणाले, “काका, जावयाला शिकवा की जरा.”

बाबा म्हणाले, “शिकवतो हो. पण जावई पडले, कान कसा धरू?”

सगळे खूप हसले. मीही हसलो. घरी जाताना बाबांनी विचारलं, “लागलं नाही ना जावईबापू? गंमत केली मी.” मी म्हणालो, “छे हो.” आणि आतल्या आत ते वाक्य घट्ट धरून ठेवलं.

त्यानंतर बाबांनी स्वतःचं विमान बांधायला घेतलं. पंख खाली असलेलं, चपळ, जरा अवघड. चार-पाच महिने लागले. पंखांच्या मागच्या कडेला हलणाऱ्या दोन पट्ट्या असतात, त्यांनी विमान डावी-उजवीकडे कलतं. त्या हलवणारी छोटी मोटर उड्डाणाच्या आदल्या दिवशी बिघडली, ती बाबांनी बदलली. बदलताना विमानाचं नाक त्यांच्याकडे होतं. अशा वेळी डावं-उजवं उलटं दिसतं, भलेभले फसतात. म्हणून तर आमच्यात रीत होती: उडवणारा रिमोट घेऊन उभा राहणार आणि दुसरा कोणीतरी विमानाच्या शेपटीमागे गुडघ्यावर बसून पट्ट्या बघून सांगणार. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. लांबचं लख्ख दिसायचं, जवळचा चष्मा ते मैदानावर खिशात ठेवायचे. त्यांचा शेपटीमागचा माणूस नेहमी मीच.

त्या दिवशी त्यांनी रिमोटची काडी उजवीकडे दाबली. “उजवी?”

उजवी पट्टी वर यायला हवी होती. ती खाली गेली.

मी म्हणालो, “ओके.”

“डावी?”

“ओके बाबा. सोडा.”

मनात काय होतं ते लिहितो. पडू दे एकदा, एवढंच होतं. चौघांसमोर पडू दे. रागही नव्हता. भूक लागल्यावर जेवावं इतकं साधं वाटलं.

विमान सुरेख उठलं. वाऱ्याने डावीकडे जरासं कललं, बाबांनी उजवीकडे सावरलं, तर ते आणखी डावीकडे गेलं. त्यांनी आणखी जोर दिला. जितकं सावरत होते तितकं ते उलटत होतं. मग पाठीवर पडून ते शेजारच्या शेतात घुसलं. आवाज फार मोठा झाला नाही. मी बाबांच्या अंगठ्याकडे बघत होतो. विमान पडल्यावरही त्यांनी काडी उजवीकडेच दाबून धरली होती.

शेतातल्या बाई तुटकी शेपटी हातात घेऊन बांधावर आल्या. “तुमचा इमान आमचे शेतान पडलाय. कोनाला लागला नाय, बरा झाला.”

डॉक्टर म्हणाले, “काका, डोळे पुन्हा एकदा दाखवून या.”

शेठ म्हणाले, “डोळे कसले, वय झालं. काका, आता खुर्ची टाकून बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या.”

“मी उजवीच दिली होती,” बाबा म्हणाले. “मला पक्कं आठवतंय.” मग माझ्याकडे वळून, “जावईबापू, तुम्ही बघितलं होतं ना?”

“बघितलं होतं बाबा. सगळं बरोबर होतं.”

इथे थांबलो असतो तर कदाचित मी स्वतःला माफ केलं असतं. बाबा गाडीत पुढे जाऊन बसले. मी डिकीत सामान ठेवत होतो. रिमोटमध्ये एक सेटिंग असतं, पट्टीची दिशा उलटी-सुलटी करायचं. बाबा घरी गेल्यावर तपासणार हे मला माहीत होतं. मी ते सेटिंग बदललं. आता उजवीला उजवी वर येणार होती.

संध्याकाळी त्यांनी मोडकं विमान जेवणाच्या टेबलावर घेतलं. आतली यंत्रणा शाबूत होती. या वेळी शेपटी स्वतःकडे करून, चष्मा लावून त्यांनी काडी दाबली. उजवी वर आली. पुन्हा दाबली. पुन्हा वर आली. बराच वेळ ते दाबत राहिले. मी समोर चहा पीत होतो.

“म्हणजे हातच चुकला माझा,” ते म्हणाले.

“होतं असं, बाबा.”

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. महिन्याभरात स्कूटरची किल्ली त्यांनी आपणहून मुलीच्या हातात दिली. गॅस बंद केला का, दार लावलं का, हे दोन-दोनदा विचारायला लागले. बायको घाबरली. आम्ही त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. “बघा, काही नाही,” बायको म्हणाली. बाबा म्हणाले, “त्यांना नसेल सापडलं. मला माहीत आहे ना.” गाडी मीच चालवत होतो.

मग पेणला त्यांची धाकटी बहीण आजारी पडली. एका सकाळी बाबा पिशवी घेऊन, चप्पल घालून दारात उभे. “एसटीने जाऊन येतो. तासाभराचा रस्ता आहे.”

मला ऑफिसला उशीर होत होता, एवढंच कारण. मी म्हणालो, “बाबा, समोरचं विमान सरळ ठेवता आलं नाही, पेणचा हायवे कसा ओलांडणार? रविवारी मी नेतो.”

बायको म्हणाली, “अहो, काय हे!” पण तीही त्यांच्याबरोबर जायला निघाली नाही. बाबांनी पिशवी खाली ठेवली, वाकून चप्पल काढली आणि आत गेले.

रविवारी मी त्यांना नेलं नाही. त्यांच्या उरलेल्या बाल्सातून मी नवं विमान बांधलं होतं, त्याचं पहिलं उड्डाण होतं. “पुढच्या रविवारी नक्की,” मी म्हणालो. ते म्हणाले, “तुमच्या सवडीने.” गुरुवारी पेणची आत्या गेली.

पेणहून परतताना बाबा गाडीत म्हणाले, “तुम्ही आहात म्हणून निभतंय. नाहीतर माझ्यासारख्या माणसाचं काय झालं असतं.” बायकोने मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आरशात बघून गाडी ओव्हरटेक केली.

आता पनवेलच्या नव्या विमानतळामुळे आमचं तिथलं उडवणं बंद झालं. प्लॉटवर पाट्या लागल्या. आम्ही चौघे तरी रविवारी टपरीवर चहाला जमतो. मधूनच शेठ विचारतात, “काका काय म्हणतात?” मी बोट डोक्याजवळ नेऊन फिरवतो. “चाललंय. वय झालं.” ते मान हलवतात आणि बिस्किटं मागवतात.

बहिणीची भेट मी त्यांना परत देऊ शकत नाही, ते सोडूनच द्यायला हवं. जे देता येण्यासारखं आहे ते हे: बाबांना त्या टपरीवर नेऊन, शेजारी बसवून, त्या तिघांसमोर सांगायचं की काकांचा हात चुकला नव्हता, मी खोटं बोललो आणि नंतर रिमोटही बदलला. बाबांना अजून चांगलं ऐकू येतं. हे लिहिलं ते त्या सांगण्यात धरू नये, बाबा आताशा काही वाचत नाहीत. तेवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.