वाघाच्या हॉटेलातले अण्णा

एसटी पुरती थांबायच्या आत सखाहरी अण्णा खिडक्यांपाशी पोचलेले असत. "उतरा, उतरा! चहा मागनं प्या, आदी वाघ बगा!" सुप्याला पुणे-नगर रस्त्यावर त्यांचं हॉटेल होतं आणि हॉटेलासमोरच्या पिंजऱ्यात राणी नावाची बिबट्याची मादी. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो. एकटा जीव, दोन्ही वेळचा चहा त्यांच्याकडेच.

डोंगरात सरपण तोडणाऱ्यांनी राणीला आणून दिलं, तेव्हा ती मांजराएवढी होती. अण्णांनी तिला शेळीच्या दुधावर वाढवलं आणि जबडा वासलेल्या वाघाचा बोर्ड रंगवून रस्त्याला लावला. शेजारच्या हॉटेलातली भजी खरं तर सरस. पण गाड्या थांबायच्या अण्णांकडेच. "गुरुजी, भजी कुनीबी तळतं," ते मिशीत हसायचे, "वाघ कुनाकडं हाय?"

माणूस वाईट नव्हता. दुपारी गाड्या नसल्या की गजांतून हात घालून तिची मान खाजवत बसायचे. सासरहून आलेल्या लेकीला विचारावं तसं विचारायचे, "जेवलीस का गं नीट?"

दुष्काळाचं साल होतं. लग्नाचं एक वऱ्हाड उतरलं. राणी कोपऱ्यात पडून होती. एकानं छत्रीच्या टोकानं तिला ढोसलं. ती हलेना, तेव्हा दुसऱ्यानं पेटती विडी आत टाकली. केस जळाल्याचा वास सुटला. राणी गुरगुरलीसुद्धा नाही. नुसती अण्णांकडे बघत राहिली.

"अहो, डरकाळी ऐकवा की! बोर्डावर तर केवढा जबडा काढलाय!" कुणीतरी ओरडलं.

अण्णांनी पिंजऱ्यावर गोणपाट ओढलं. वऱ्हाड चहा न पिताच गेलं.

"सोडून द्या तिला, अण्णा," मी म्हणालो.

"कुटं सोडू? ससाबी धरता येत न्हाई तिला. लोकं म्हनत्यात, अण्णानं वाघ वाढवला. मी वाढवली न्हाई गुरुजी, मोडली."

त्यानंतर राणीनं खाणं टाकलं. ती गेली तेव्हा अण्णांनी विहिरीमागे तिला स्वतः पुरलं आणि बोर्ड उतरवला. गाड्या शेजारी थांबू लागल्या. बाकडी रिकामी दिसायची.

अशातच एका दुपारी खडी फोडायच्या कामावरची माणसं पाटी घेऊन आली. पाटीत बिबट्याचं पिल्लू. "अण्णा, नशीब उघडलं तुमचं!"

अण्णा पाटीवर वाकले. हात मात्र लावला नाही. "कुटं घावलं, ती जागा दावा," एवढंच म्हणाले.

मीही गेलो. दिवस मावळायच्या आत एका घळीत करवंदीच्या जाळीपाशी त्यांनी पाटी आडवी ठेवली आणि सगळ्यांना माघारी वळवलं. परतताना मी म्हणालो, "अण्णा, हॉटेलचं काय?" ते म्हणाले, "भजी सुदारू की."

सकाळी आम्ही दोघंच गेलो. पाटी रिकामी होती. धुळीत मोठ्या पंजांचे ठसे होते, जाळीपर्यंत आलेले आणि तिथून डोंगराकडे गेलेले. जाताना बरोबर लहान ठसे नव्हते.

"तोंडात धरून न्हेलं बगा आईनं," अण्णा हरखून म्हणाले. मग त्या ठशांशेजारी ते हळूहळू खाली बसले. उपरण्यानं डोळे पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "राणीची आईबी आलीच आसंल की हो शोदायला."