पोपटरावांचे दंड आणि जत्रेचं जेवण

"मॅडम, आडपडदा ठेवू नका. थोरल्याला झालं तेच मला झालंय ना?"

पोपटराव माझ्यासमोर बसले होते. गाव पेठ, वय साठीच्या पुढे, शर्टाच्या बाह्या दंडांवर ताणलेल्या. हातात लॅबचा रिपोर्ट. शेजारी त्यांच्या पत्नी सुमनबाई डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. मंचरला मी फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करते. पोपटराव माझे सगळ्यात ठणठणीत पेशंट. निदान त्या सकाळपर्यंत तरी होते.

वर्षाच्या तपासणीत त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आलं होतं. आपले स्नायू रोज वापरले जातात, त्यातून तयार होणारा कचरा म्हणजे क्रिएटिनिन. किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. रक्तात कचरा साठलेला दिसला की किडनीचं काम मंदावलंय, असं आम्ही धरून चालतो. पोपटरावांचे थोरले भाऊ डायलिसिसवर होते आणि त्यातच गेले. त्यांना गाडीत घालून न्यायचं काम पोपटरावच करायचे. त्यामुळे क्रिएटिनिन हा शब्द त्यांना माझ्याइतकाच पाठ होता.

मीही हादरले होते, कारण या माणसाला व्यायामाला मीच लावलं होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना शुगर निघाली. "व्यायाम करा," मी म्हटलं. मला अभिप्रेत होतं सकाळचं चालणं. हे गृहस्थ थेट जिममध्ये गेले. तिथली पोरं 'आजोबा' म्हणून खिदळायची. आता त्या पोरांची पोटं सुटलीत आणि आजोबांची छाती त्यांना लाजवते. शुगर तर कधीच ताब्यात आली. आता किडनी खरंच बिघडली असेल, तर अंडी, डाळी, दूध सगळ्यावर बंधनं येणार आणि एवढ्या वर्षांची कमाई विरघळून जाणार.

चाकणहून त्यांच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, त्यांची जिम आजपासून बंद करा. या वयात नसते उद्योग!"

खरं सांगते, मी 'हो' म्हणायच्या बेतात होते.

माझ्या दवाखान्यात पिण्याच्या पाण्याचा मोठा जार असतो. तो रिकामा झाला की आमच्या कंपाउंडरला भरलेला जार वर चढवताना घाम फुटतो. पोपटराव आले की कुणी न सांगता तो चढवून देतात. त्या दिवशी जार रिकामा होता. त्यांनी पाहिलं आणि ते तसेच पुढे गेले. "उगं कशाला जोर लावू?" एवढंच म्हणाले. रिपोर्टपेक्षा मला ते जास्त लागलं.

दोघांना बाहेर बसवून मी पुण्याच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. कॉलेजात ते मला सीनियर होते.

"अंगावर सूज?"

"नाही."

"बीपी? लघवीत प्रोटीन?"

"बीपी नॉर्मल. प्रोटीन नाही."

"माणूस दिसतो कसा?"

"म्हणजे?"

"अगं, काटकुळा की आडदांड? किडनीचा हिशोब मांडताना लॅबचा कॉम्प्युटर वय बघतो आणि बाई की पुरुष ते बघतो. माणूस बघत नाही."

"दंड माझ्या मांडीएवढे आहेत."

पलीकडे हसणं ऐकू आलं. "मग आधी त्याला विचार, खातो काय? घरात माणसं जास्त तिथे कचराही जास्त. म्हणून लगेच घंटागाडीला दोष देऊ नये."

मी दोघांना आत बोलावलं.

"पोपटराव, ताकदीची कुठली पावडर घेता?"

"घेतो की. क्रिएटिन. जिममधी सगळीच घेत्यात."

क्रिएटिनचंच शरीरात पुढे क्रिएटिनिन होतं. माझा आवाज चढला. "मी विचारलं होतं ना, काय काय चालू आहे म्हणून?"

"तुमी औषधं इचारली व्हती, मॅडम. पावडर काय औषध हाय व्हय?"

"बरं, रक्त दिलं तेव्हा उपाशी होतात?"

"एकदम कडक! चहाचा घोट सुदिक न्हाई."

इतका वेळ मुसमुसणाऱ्या सुमनबाईंनी पदर खाली घेतला. "चहा जातोय कुठनं? रातच्याला पाच घरी जेवून आल्याले!"

"पाच घरी?"

"जत्रा व्हती ना, मॅडम. मटणाचा दिवस."

"मंग न्हाई कसं म्हनायचं?" पोपटराव म्हणाले. "एकाकडं खाल्लं आन् दुसऱ्याकडं न्हाई, तर वरीसभर ऐकून घ्यावं लागतंय. त्यात माझं आंग बघून वाढणारा दोन पळ्या जास्तीच घालतो!"

मी कपाळाला हात लावला. शिजलेल्या मटणातूनही क्रिएटिनिन रक्तात येतं. भरपूर खाल्लं तर सकाळपर्यंत त्याचा असर राहू शकतो. आम्ही जैन. पेठच्या जत्रेचं आमंत्रण मला दरवर्षी असतं. पहिल्या दिवशी जाते, पुरणपोळी खाते, परत येते. दुसऱ्या दिवशी गावात काय शिजतं, ते माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

पावडर बंद, मटण बंद, जिमही थोडे दिवस बंद. मग पुन्हा रक्त घेतलं. यावेळी सिस्टॅटिन सी नावाची तपासणीही सांगितली. अंगात स्नायू किती, मटण किती खाल्लं, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. नमुना पुण्याला गेला. पोपटराव रोज फोन करायचे आणि मी रोज चिडल्याचं सोंग आणायचे.

रिपोर्ट आला. सिस्टॅटिन नॉर्मल. क्रिएटिनिन खाली उतरून अशा पिळदार माणसाला शोभेल इतकंच. मी एवढा मोठा श्वास सोडला की कंपाउंडर आत डोकावला.

"म्हंजी थोरल्याचं मला न्हाई लागलं?"

"नाही लागलं. किडनी उत्तम आहे. जिमला जा. मुलाला मी सांगते. वाटल्यास त्यालाही बरोबर न्या."

साठी ओलांडलेला तो पैलवानी गडी ओंजळीत तोंड धरून पोरासारखा रडला. सुमनबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग ते उठले, तोंड पुसलं, बाहेर गेले. काय करताहेत ते पाहायला मीही दारापर्यंत गेले. भरलेला जार त्यांनी उचलला आणि सहज जागेवर बसवला.

तेव्हापासून मी एक शिकले. रक्त घेण्याआधी पेशंट उपाशी आहे का, एवढं विचारून आमच्या भागात भागत नाही. त्याआधी तो काय जेवला, आणि किती घरी, हेही विचारावं लागतं.