केसरबाईंनी घोडा धरला

केसरबाईंचं नाव आधी घेतो, मग काय झालं ते सांगतो. पोकरणच्या अलीकडे, पक्क्या सडकेपासून बरंच आत, वाळूत त्यांची झोपडी आहे. त्या शेळ्या राखतात. माझं नाव त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. पण त्या दुपारी त्या आल्या नसत्या, तर आज इतक्या शांत मनानं मी हे लिहायला बसलो नसतो.

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली आणि पोट भरता भरता उज्जैनला पोचलो. नानाखेड्यात एका मराठी खानावळीत स्वयंपाक करतो. बायको आणि मुलगा सोबत असतात. मुलगा तीन वर्षांचा झाला तरी उभा राहीना. डॉक्टरांनी सांगितलेली मालिश केली, व्यायाम केले. महाकालापुढे हात जोडले, राम घाटावर शिप्रेच्या पाण्यात त्याचे पाय बुडवले. पाय आपले वातीसारखे लोंबत. माझा स्वभाव आधीच काळजीचा, त्यात रात्र रात्र झोप नाही.

शेजारच्या मौसी माळव्यातल्या. त्यांनी मला न विचारताच एक दिवस नवस बोलला, "रामसापीर, इस छोरे को चला दो. इसका बाप घोड़ा लेके रुणीचे आएगा." माळव्यातली माणसं राजस्थानात रुणीच्याला जातात आणि रामसापीरांना कापडाचा घोडा वाहतात. मला ते पटेना. म्हटलं, "मौसी, आमचं कुलदैवत खंडोबा. हे वाळवंटातले बाबा आमचे कोण?" त्या हसल्या. "तेरा खंडोबा भी घोड़े पे, मेरा बाबा भी घोड़े पे. दोनों आपस में निपट लेंगे, तू बीच में मत बोल."

पुढच्या उन्हाळ्यात मुलगा तेलाचा रिकामा डबा धरून उभा राहिला, आणि डबा ढकलत ढकलत चालू लागला. मालिशीचा गुण की नवसाचा, ते मी कोण ठरवणार? मौसींनी मात्र पांढरा घोडा शिवायला घेतला. आत बांबूच्या काड्या, वर लाल गोट, माझ्या कमरेइतका उंच. हातात देताना एकच अट घातली, "रास्ते में जमीन को मत छूने देना. छू गया तो मन्नत कच्ची." हे शब्द माझ्या काळजात रुतले. मन्नत कच्ची म्हणजे पोराचे पाय कच्चे, असंच मी धरून चाललो.

बसमध्ये घोडा पायदळी यायचा, रेल्वेत गर्दीत चेंगरायचा, पायी जायला एवढी सुट्टी कोण देणार? म्हणून बसस्टँडजवळच्या गॅरेजातून मोटारसायकल भाड्यानं घेतली. डबे पोचवून पोचवून गाडीवर हात बसलेला होता. मागच्या सीटवर घोडा उभा बांधला आणि निघालो. टावर चौकातला ओळखीचा चहावाला ओरडला, "अरे भिया, लोग घोड़े पे बैठते हैं, तूने घोड़े को गाड़ी पे बैठा दिया!"

कोट्याच्या अलीकडे चंबळेचा कडा पाहिला. जमीन एकाएकी चिरल्यासारखी तुटलेली, आणि खोल खाली हिरवं पाणी. लोक फोटो काढत होते. मी घोडा छातीशी धरून उभा होतो, कारण वारा त्याला ओढत होता. एवढा मोठा देखावा, पण माझे डोळे घोड्याच्या खुरांवर. धर्मशाळेत खाटेवर घोडा आणि खाली फरशीवर मी. पुढे झाडं कमी होत गेली, माती पिवळी झाली, मग वाळूच वाळू. वाटेत पायी चाललेली जत्रेकरू मंडळी "जय बाबा री" म्हणत, मीही म्हणे. भीती होतीच, पण परत फिरायचं नाही हे ठरलेलं होतं.

रुणीच्याच्या अलीकडचं पोकरण जवळ आलं तेव्हा फोनमधल्या नकाशानं आतली एक जवळची वाट दाखवली. मी वळलो आणि तिथेच चुकलो. वाट वाळूत बुडाली, मागचं चाक रुतलं, गाडी कलंडायला लागली. मी गाडी सोडली आणि घोडा ओढून काढला. गाडी आडवी, घोडा माझ्या कवेत. आता गाडी उचलायला दोन हात हवेत, आणि माझे दोन्ही हात गुंतलेले. रुईच्या झुडपावर घोडा ठेवून पाहिला, तर झुडूपच वाकलं. पाठीला बांधला, तर वाकलो की त्याचे पाय वाळूकडे जात. फोनला रेंज नाही, पाणी संपत आलेलं. भर उन्हात लहान पोर घेऊन उभं राहावं तसा मी उभा राहिलो. मोठ्यानं म्हणालो, "बाबा, मी टाकणार नाही. काय करायचं ते तुम्हीच करा."

तेवढ्यात टेकाडावरून शेळ्या उतरल्या, मागून केसरबाई. चेहरा उन्हानं रापलेला, हातात काठी. माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, काठी वाळूत रोवली आणि हात पुढे केले. "ला, घोड़ो म्हने दे."

मी म्हणालो, "माँजी, नीचे मत रखना, बेटे की मन्नत है." त्यांनी मान हलवली. मी हातांनी वाळू उपसली, चाकाखाली झुडपाच्या फांद्या घातल्या, ढकललं, पडलो, पुन्हा ढकललं. शेवटी गाडी घट्ट जमिनीवर आली. घामानं भिजलेला मी मागे वळलो, तर घोडा वाळूत चारी पायांवर उभा! एक शेळी त्याचं तोंड हुंगत होती.

माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. धावत जाऊन उचलला, खुरांची वाळू पुसत रडायला लागलो. केसरबाई आधी गोंधळल्या, मग हसल्या. "अरे बावळा, बाबा रो घोड़ो है. अठै री रेत में ही दौड़्यो है. घरै आयो, तो पग भी नीं टेकै?"

खरंच की, बाबांचा घोडा इथल्याच वाळूत धावलेला. घरी आलेल्यानं पायही टेकायचा नाही का? त्यांनी मला झोपडीवर नेलं, विचारल्यावर आपलं नाव सांगितलं, बाजरीची भाकर आणि ताक दिलं, सडकेची वाट दाखवली. निघताना म्हणाल्या, "छोरे नै लाजे. चालतो देखूँली." म्हणजे पोराला घेऊन ये, त्याला चालताना बघेन.

सडकेवर रेंज आली तसा आधी बायकोला फोन लावला. "बाळ कुठंय?" ती वैतागलेली होती. "कुठं असणार? डबा टाकून दिलाय त्यानं. मौसींच्या कोंबडीमागं पळतोय, अन् मी त्याच्यामागं!"

रस्त्याच्या कडेला बसून मी पोटभर रडलो. त्याच संध्याकाळी रुणीच्याला घोडा वाहिला. खुरांना लागलेली थोडी वाळू तशीच राहू दिली. वाटभर मी घोड्याला जपत होतो आणि समजत होतो की पोराचे पाय माझ्या मुठीत आहेत. मूठ सुटली, पाय चालतच राहिले. करायचं ते मन लावून करावं, पण धरून ठेवणारे हात आपले नाहीत, एवढंच मला कळलं. घरी आल्यावर मौसींना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाबा के घर की औरत ने उतारा, तो बाबा ने ही उतारा."

केसरबाई, मुलगा थोडा मोठा झाला की मी त्याला घेऊन येईन. सडकेवरून तुमच्या झोपडीपर्यंत तो त्या वाळूतून स्वतःच्या पायांनी चालत येईल. आणि त्या दिवशी तुमच्या चुलीवर पुरणपोळी मी करीन. तुम्ही नुसतं बसायचं आणि खायचं. शेळ्या मी राखीन.