टाचेखालचं कव्हर

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल दिसली की खुर्चीवर चढते आणि मागून ट्रकचा हॉर्न ऐकला की डोळे मिटून घेते. माझं माहेर चंद्रपूर शहरात, भर वस्तीत. जंगल म्हणजे शाळेच्या सहलीत बसच्या खिडकीतून बघायची गोष्ट, एवढंच मला ठाऊक. लग्न झालं आणि सासर मिळालं गोंडपिपरीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून बराच वेळ आत जात राहिलं की लागतं ते. नवरा वीज केंद्रात नोकरीला, त्यामुळे आम्ही राहतो ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. पण सासूबाई गावी एकट्या असतात, म्हणून महिन्यातून एखादी तरी फेरी होतेच, आणि तीही गाडीवर.

गाडी म्हणजे सासऱ्यांची जुनी मोटारसायकल. सासरे गेले, गाडी मागे राहिली. इंजिन अजून ठणठणीत आहे असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. इंजिनाबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं सगळं भांडण साइड कव्हरशी आहे.

सीटच्या खाली दोन्ही बाजूंना जी प्लॅस्टिकची झाकणं असतात ना, तीच. त्यांच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकच्याच खुंट्या असतात आणि त्या गाडीच्या सांगाड्यावरच्या रबरी बुचांत दाबून बसवायच्या. रबर मऊ आहे तोवर झाकण टप्पकन बसतं आणि हलत नाही. पण आमच्याकडचं ऊन असं की रबर दगडासारखं होतं, त्याला भेगा पडतात, मग झाकण खडखडायला लागतं आणि खडखडता खडखडता एकेक खुंटी मोडते. आमचं उजवं कव्हर शाबूत होतं. डाव्याची एकच खुंटी उरली होती आणि बॅटरी नेमकी त्याच्याच मागे.

नवऱ्याने उपाय करायचे बाकी ठेवले नाहीत. चंद्रपुरातल्या मिस्त्रीने दुसऱ्याच कुठल्या मॉडेलचं कव्हर ठोकून ठोकून बसवलं, ते जेमतेम बल्लारपूरपर्यंत टिकलं. मग जुनंच परत आलं. त्याला एम-सील मळून लावलं, ते सुटलं. तांब्याच्या तारेने बांधलं, तारेने रंग खरवडला आणि नवऱ्याचा जीव खालीवर झाला. शेवटी सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी कापली आणि कव्हरवरून ताणून मागच्या हुकाला अडकवली. एवढं करून उरलेली जबाबदारी माझ्यावर. मी साडीत, एका बाजूला पाय सोडून बसते. उजवा पाय जरा पुढे सारायचा आणि टाच कव्हरवर दाबून धरायची. रस्ता खराब लागला की पुढून आवाज यायचाच, "दाबून धर वं, निसटीन ते!"

बायकोला गाडीवर फिरायला नेतात म्हणे. मला नेतात कव्हर धरायला. असं मी म्हटलं की तो हसायचा, पण टाच हलली तर लगेच त्याला कळायचं.

फाल्गुनातली गोष्ट आहे. मोहाची फुलं पडायला लागली होती. सासूबाई पहाटे उठून ती वेचायला झाडाखाली जातात, त्यांच्या मदतीला आम्ही दोन दिवसांसाठी निघालो होतो. होळी जवळ आली होती म्हणून मी शंकरपाळे केले होते आणि तो स्टीलचा डबा पिशवीत घालून मांडीवर धरला होता. दुपार कलली होती, पण ऊन चांगलं होतं. गोंडपिपरी मागे टाकली, डांबरी रस्ता सोडला आणि जंगल लागलं. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडांखालचा पाचोळा लोकांनी जाळला होता, त्यामुळे जागोजागी काळे गोल दिसत होते. त्या वाटेने जाताना माझी भीती दोन ठिकाणी विभागलेली असते. डोळे झुडपांत आणि जीव टाचेत.

वाटेत एक नाला आहे. त्याच्यावर पूल नाही, रपटा आहे. म्हणजे खालून सिमेंटचे मोठे नळे आणि वरून सपाट रस्ता. रपट्याच्या तोंडाशी खड्डा होता. गाडी आदळली, ट्यूबची पट्टी तुटून माझ्या पोटरीवर सपकन बसली आणि टाचेखालचं कव्हर गेलं. समोर चढ होता, म्हणून नवऱ्याने चढून वर गेल्यावरच गाडी थांबवली.

"पडलं ना?"

"पडलं. जाऊ द्या आता. चला."

"जाऊ कसं देऊ? या मॉडेलचं आता कुठी भेटते? बाबाची गाडी हाय वं."

"मग गाडी फिरवा. दोघंही जाऊ."

"एवढ्याशासाठी काऊन फिरवू? हे काय, इथीच तर हाय." त्याने गाडी स्टँडवर लावली आणि माझा हात धरून ॲक्सिलेटरवर ठेवला. "चालू ठेव, बंद नोको पडू देऊ. आवाज असला का कोणी जवळ येत नाई."

तो त्याच जंगलात वाढलेला. त्या वाटेवरून तो लहानपणी पायी शाळेत गेलाय. मी त्याचं ऐकलं आणि ॲक्सिलेटर धरून उभी राहिले. तो रपट्यावर पोचला, इकडेतिकडे पाहिलं, काठावरून वाकला आणि मला हाताने खूण केली की खाली नाल्यात पडलंय. मग उतरला आणि दिसेनासा झाला.

मी नाल्याकडे पाहत होते, म्हणूनच मला ते दिसलं. डाव्या हाताच्या बांबूतून वाघ निघाला, रस्त्याच्या मधोमध आला आणि खाली बसला. मी आणि रपटा यांच्या बरोबर मध्ये. माझ्याकडे पाठ, रपट्याकडे तोंड.

इंजिन चालूच होतं. त्याचा कान हलला, एवढंच. रस्त्यावरच्या गाड्या रोज बघणारा तो, आमच्या फटफटीचं त्याला काय कौतुक? आवाज असला की कोणी येत नाही, हे नवऱ्याचं म्हणणं सासऱ्यांच्या काळात खरं असेल.

साडी ओली झाल्याचं मला फार नंतर कळलं. डोक्यात एकच गोष्ट होती. नवरा आता कव्हर हातात घेऊन, खाली मान घालून वर येणार आणि थेट त्याच्यासमोर उभा राहणार. मी हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही. पुन्हा दाबला. खाली पाहिलं तर कव्हर गेलेल्या जागी बॅटरी उघडी पडली होती आणि तिची वायर सुटून लोंबत होती. ती कुठे लावायची ते मला कुणी कधी दाखवलं नव्हतं.

ओरडले. निदान मला वाटलं की ओरडले. जे काही निघालं ते इंजिनाच्या आवाजात बुडून गेलं. तेव्हा कळलं की ज्या आवाजाच्या भरवशावर त्याने मला तिथे उभं केलं होतं, त्याच आवाजामुळे त्याला माझं काही ऐकू जाणार नव्हतं. गाडी बंद करायला हवी होती. आणि बंद केली तर मला ती सुरू करता येत नव्हती. किक मारायला मी कधी शिकलेच नाही.

मी किल्ली फिरवली.

अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. वाळलेली पानं, कुठलासा एक पक्षी, आणि माझा श्वास. वाघाचे दोन्ही कान मागे वळले. मी पिशवीतून डबा ओढून काढला, झाकण उघडलं, शंकरपाळे पायावर सांडले. झाकण डब्यावर बडवायला लागले. मोहाच्या दिवसांत वाघ दिसला की बाया असाच डबा वाजवतात. जंगलात डबा वाजला तर त्याचा अर्थ काय, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. नवऱ्यालाही कळेल, तो असेल तिथेच थांबेल, एवढीच माझी आशा होती.

वाघाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही. मी बडवत राहिले, कारण हात थांबवायचा कसा हेच मला आठवत नव्हतं. मग तो उठला. घाई नाही, काही नाही. रस्त्याच्या कडेला गेला आणि खाली उतरला. नाल्याच्या बाजूला. ज्या बाजूला माझा नवरा उतरला होता, त्याच बाजूला.

डबा वाजवून मीच त्याला तिकडे पाठवलं, असं माझ्या मनात आलं आणि माझ्या हातातून झाकण पडलं.

"अहो!" मी हाक मारली. "अहो, ऐकलं का!"

काही नाही. मोबाइलला त्या पट्ट्यात रेंज नसते, तरी काढून पाहिला. पुन्हा हाक मारली. मग माझा माझ्यावरच ताबा राहिला नाही आणि मी त्याला नावाने हाक मारली. घरात मी त्याचं नाव घेत नाही. 'अहो' आणि 'ऐकलं का' यांच्यावरच आमचा संसार चाललाय. त्या दिवशी घेतलं, आणि एकदा घेतल्यावर घेतच सुटले. मोठ्याने, रडत, गळा फाटेस्तोवर. नाल्यातून ओ आली नाही. कण्हणं नाही, धावण्याचा आवाज नाही, काहीच नाही.

मग मला खात्रीच पटली. तो गेला. सासूबाईंना काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, इथपर्यंत माझं मन पोचलं होतं. त्या अंगणात मोह वाळत घालत असतील आणि मी एकटी चालत येताना त्यांना दिसेन, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

मी रपट्याकडे चालायला लागले. हिंमत वगैरे म्हणू नका. तिथे एकटीने उभं राहण्याची भीती जास्त होती, म्हणून पाय चालले. वाघ बसला होता ती जागा टाळून, रस्त्याच्या कडेने गेले. रपट्यावरून खाली पाहिलं. नाला कोरडा होता. रेतीत ताजे पंजे उमटले होते, नळ्याच्या तोंडाजवळून पलीकडच्या झुडपांत गेलेले. आणि त्याची एक चप्पल पडली होती.

चप्पल पाहिल्यावर माझं रडू थांबलं आणि मला राग आला. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. मी शिव्या द्यायला लागले. "आग लागो तुमच्या त्या कव्हरला! सांगत होते, जाऊ द्या म्हणून! बाबाची गाडी, बाबाची गाडी! आता बसा घेऊन! माझ्या आईबापाने मला प्लॅस्टिकचं झाकण धरायला दिली होती का तुमच्या घरी?" आणखीही बरंच काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खालच्या नळ्यातून दबका आवाज आला. "तूच हाय का वं?"

मी घसरत खाली उतरले. तो नळ्याच्या आत, पार मधोमध, अंग चोरून बसला होता. कव्हर छातीशी धरलेलं. रांगत बाहेर आला, पण लगेच माझ्याजवळ आला नाही. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग हात पुढे करून बोटाने माझ्या कोपराला शिवून पाहिलं. त्याचा चेहरा मी ओळखला नसता. या माणसाला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"ओ का नाही दिली?" मी विचारलं.

"डबा आयकला अन् नळ्यात शिरलो. पयले तू 'अहो' म्हनलं, तवा तो नळ्याच्या तोंडाशीच होता. कशी देऊ?"

"आणि नंतर? नंतर मी एवढ्या हाका मारल्या!"

"जंगलात कोनी नाव घेऊन हाक मारली तर ओ द्याची नाई. मानूस नसते ते. घरच्याचा आवाज काढते अन् बाहेर बोलावते. आईनं लहानपणापासून सांगतलं हाय." मग हळूच म्हणाला, "तू कधी माह्यं नाव घेत नाई. मले वाटलं, तो वर गेला, तू संपली. अन् आता तुह्या आवाजात ते मले बोलावून राह्यलं. शिव्या आयकल्या तवा समजलं, जिती हाय."

आम्ही गाडीपर्यंत एकमेकांचा हात धरून गेलो. किक मारताना त्याचा पाय दोनदा घसरला. कव्हर मी मांडीवर घेतलं.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी हातपाय धुवायला पाणी दिलं. तो हात धूत होता तेव्हा मला त्याचं डावं मनगट दिसलं. तिथे दोन्हीकडून दात रुतले होते आणि रक्त साकळलं होतं. मी घाबरून त्याचा हात धरला. कुठे लागलं, कशाने लागलं, विचारलं.

"तू हाका मारून राह्यली होती ना," तो सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला. "ओ निघून जाईन म्हून चावून धरलं होतं."