तपासणीची गाठ

गबाळ्याला नौदलात घातला तो त्याच्या ताईनं. आईबाप नव्हते. ती धोबीखान्यात दिवसभर इस्त्री फिरवायची आणि घरी यावं तर भावाचा शर्ट विजारीबाहेर लोंबतोय. तिथं गेला की सुतासारखा सरळ होईल, असं ती शेजारणींना सांगायची.

सरळ कसला होतोय? पहिल्याच सुट्टीत तो सांगत आला, की शिकाऊ जहाजावर लाईफ जॅकेटांच्या जुड्या करून पांढऱ्या दोरीनं घट्ट गाठ मारून टांगतात. तपासणीला साहेब येतात, सगळ्या गाठी एका रेषेत दिसायला हव्यात. एकदा का दोरी भिजली, की ती गाठ बापजन्मात सुटत नाही. त्यानं शिकवणाऱ्या उस्तादांना सांगून पाहिलं, मग आपल्या जुड्यांना सैल गाठी मारल्या. बक्षीस म्हणून भटारखान्यात बटाटे सोलायची शिक्षा मिळाली. ताईला हसू आवरेना.

"तुला कुणी विचारलंय? सांगतात तशी गाठ मार आणि गप बस."

पुढच्याच फेरीत वादळात जहाजाच्या तळाला भगदाड पडलं. पाणी भसाभसा आत आलं आणि खालच्या खोलीत पोरं त्या देखण्या गाठींशी नखांनी झटू लागली. सुरी एकाच्याच खिशात होती, बटाट्याची. गबाळ्या जुड्या कापत गेला, जॅकेटं जिन्यावरून वर देत गेला. वरच्यानं त्याचा हात धरून ओढला, तर अजून एक जुडी राहिलीय म्हणून तो पुन्हा खाली वळला. तेवढ्यात जहाज कलंडलं.

वाचलेली पोरं घरी येऊन हे सांगून गेली. ताईनं त्यांना एकच विचारलं, आता तरी त्या गाठी बंद झाल्या का. साहेब बघू म्हणालेत, असं पोरं म्हणाली.

बुडालेल्या जहाजाच्या जागी आणलेल्या दुसऱ्या जहाजावर शौर्यपदक घ्यायचं बोलावणं आलं, तेव्हा गाठी बंद झाल्या का, तेवढंच बघायला ती गेली. पदकाचं तिला काडीचं सोयरसुतक नव्हतं. साहेबांनी भाषणात गबाळ्याला शिस्तीचा पुतळा म्हटलं. मेल्यावर का होईना, लागली एकदाची शिस्त. साहेबांच्या पाठीमागे लाईफ जॅकेटं टांगली होती. जुड्या, पांढरी दोरी, गाठी एका रेषेत.

हातात पदक घेऊन ती तिकडे चालू लागली. साहेब हळूच म्हणाले, "ताई, आज पाहुणे आलेत. उद्या सोडून ठेवू."

"मीही त्याला गप बस म्हणाले होते," ती म्हणाली.

तिनं पदक उलटं केलं आणि त्याची पिन पहिल्या गाठीत खुपसली. पिन वाकली, गाठ हलली नाही. मग तिनं पदक खाली ठेवलं आणि नखं लावली.