पोट परत उघडायचं ठरत होतं तेव्हा

प्रमिलाच्या अंगात परत एकशेदोन ताप होता. मी तिचं फुटलेलं अपेंडिक्स काढून चार दिवस झाले होते. दीर दारातच उभा.

"मॅडम, वयनीक गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवया काय?"

"थांबा जरा," मी म्हटलं. मनात मात्र भीती होतीच. पोटात पू साठला असेल तर पोट परत उघडावं लागणार, आणि ते तिला झेपेल याची मला खात्री नव्हती.

ऑपरेशननंतर पहिल्या एकदोन दिवसांतला ताप बहुतेक वेळा आपणहून उतरतो. त्यानंतर आला की कारण शोधावंच लागतं. छाती, लघवी, जखम, पायाच्या शिरा, सलाइनची जागा. छाती स्वच्छ होती. लघवीचा रिपोर्ट नॉर्मल, टाके कोरडे, पोटऱ्या मऊ. उजव्या हातातलं सलाइन नीट चालू होतं. सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी दिसलं. ते ऑपरेशननंतरचं साधं पाणीही असू शकतं आणि पूही. मी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, तयार ठेवायला सांगितलं.

जाताना तिच्या डाव्या मनगटावरच्या जाड पट्टीकडे लक्ष गेलं.

"सिस्टर, हे काय?"

"बांगड्या आहेत, मॅडम. बांगडी वाढू नये, म्हणजे फुटू नये, म्हणून त्यांनीच पट्टी बांधून घेतली. पहिलं सलाइन याच हाताला होतं."

"सोडा."

प्रमिलाने हात पोटाशी धरला. "घोव ट्रॉलरवर आसा. तो दर्यात असताना मी बांगड्यो काढूचंय नाय."

मी चिडले. आवाज चढवला. तिने मान फिरवली. माझ्या ओरडण्याने काम बिघडलं होतं.

कोपऱ्यात बसलेली सासू उठली. खोबरेल मागून घेतलं आणि सुनेजवळ बसली.

"तो माझोच झील मा गो? तो येयसर ह्यो माझ्या हातात रवांदेत."

मुलगा परत येईपर्यंत बांगड्या ती स्वतःच्या हातात ठेवणार होती. प्रमिलाने हात पुढे केला.

मनगट सुजलं होतं. एकेक हिरवी बांगडी तेलावरून सरकत म्हातारीच्या हातात गेली. खाली शीर लाल, दोरीसारखी कडक झाली होती, आणि जुन्या सुईच्या जागी पू. तापाचं कारण पोटात नव्हे, इथे होतं; मला हायसं वाटलं. पू काढला, तपासायला पाठवला, अँटिबायोटिक बदललं.

दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला आणि परत आला नाही. ओटी लागलीच नाही.

तेव्हापासून माझ्या वॉर्डात नियम आहे: पोट उघडायच्या आधी पट्टी उघडायची. आणि पेशंट ऐकत नसेल तर मी ओरडत नाही, घरचं कोण आलंय ते विचारते.